सुंदरवाडी : तळ्याकाठच्या एका नगराचा इतिहास व स्वभाव

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लहान नगरांना जागा मिळते ती पाहुण्यासारखी. एखादा तह तेथे झाला, एखादी फौज तेथून गेली, की तेवढ्यापुरते त्यांचे नाव येते. फौज पुढे गेली की ग्रंथकारही तिच्याबरोबर पुढे जातो. सावंतवाडीच्या वाट्याला हेच आले आहे. मराठ्यांच्या इतिहासात वाडीकर भोसल्यांचा उल्लेख होतो तो बहुधा बेभरवशाच्या मित्रांच्या यादीत. पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत ‘बोंसुलो’ या नावाने ते भेटतात ते उपद्रवी शेजारी म्हणून. इंग्रजांच्या अहवालांत एक अव्यवस्थित संस्थान एवढीच त्यांची ओळख उरते. तिन्ही साक्षीदार परके; आणि तिघांचेही लक्ष सत्तेवर. नगराकडे पाहण्याची सवड त्यांतील कोणालाच नव्हती.

आम्हां पेडणे महालातील लोकांना मात्र या गावाकडे इतक्या दुरून पाहता येत नाही. एके काळी आमचा महाल या गादीच्या अमलाखाली होता. आजही आमच्याकडे कोणी ‘सावंतवाडी’ असा पुरा उच्चार सहसा करीत नाही. ‘वाडी’ म्हटले की पुरते. या निबंधात त्या वाडीचा इतिहास थोडक्यात सांगून त्यातून तिच्या स्वभावाचा उलगडा होतो का, हे पाहावयाचे आहे. आरंभीच सांगावयाचे म्हणजे, या नगराची राजकीय सत्ता जसजशी संकोच पावत गेली तसतसे त्याचे नागर जीवन भरत गेले. ज्याला आपण वाडीचे वैशिष्ट्य म्हणतो ते बहुतेक सारे उत्कर्षाच्या काळातले नसून उतरत्या काळात जोपासलेले आहे. हे कसे घडले याचा विचार आज संस्था चालविणाऱ्या आपणां सर्वांना उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम भूमी. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि तीतून उतरणारा आंबोलीचा घाट. पश्चिमेस वेंगुर्ल्याचे बंदर. दक्षिणेस बांद्याजवळून वाहणारी तेरेखोलची नदी आणि तिच्यापलीकडे गोमंतक. घाट आणि बंदर यांच्यामध्ये, नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. घाटावरचा माल बंदराकडे आणि बंदराचा माल घाटावर जावयाचा तर तो याच पट्ट्यातून. वाडीला जे महत्त्व आले ते या वाटेमुळे, आणि तिच्यावर जी संकटे आली त्यांतली पुष्कळशी याच वाटेने आली.

गावाच्या मध्यभागी मोती तलाव आहे. एका काठाला राजवाडा, दुसऱ्या काठाने बाजाराकडे जाणारा रस्ता, आणि सभोवार उतरत आलेल्या टेकड्या. हा देखावा रम्य आहे हे खरे. परंतु कोकणातले तळे केवळ देखाव्यासाठी नसते. या प्रदेशात पाऊस इतका पडतो की परक्याला येथे पाण्याची वाण असेल हे पटतच नाही. पण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही. चार महिने कोसळणारे पाणी ओढ्यानाल्यांतून बघता बघता खाडीला मिळते, आणि वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. म्हणून ज्या गावाने वाहत्या पाण्याला बांध घातला त्या गावाच्या विहिरी जगल्या. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव विजयनगरच्या अमलात १५३० साली नागेश देसाई यांनी बांधविला असे सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. वाडीचा मोती तलाव त्या मानाने अलीकडचा. त्याच्या आजच्या बांधीव रूपासाठी १८७४ हे साल सांगितले जाते. म्हणजे ज्या काळी वाडीच्या राजांच्या हाती फारशी सत्ता उरली नव्हती त्या काळाचे हे काम आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून मागे वळू.

वाडीकरांचे घराणे भोसल्यांचे. ‘सावंत’ हे त्यांचे पद. सोळाव्या शतकाच्या मध्यास होडावडे येथे मांग सावंत नावाच्या पुरुषाने विजापूरकरांविरुद्ध उठाव केला, येथून या घराण्याची हकीकत सुरू होते. पुढे सतराव्या शतकात खेम सावंत आणि त्यांच्यानंतर लखम सावंत यांनी आपला अंमल दृढ केला. १६५९ साली लखम सावंतांनी शिवाजी महाराजांशी तह केला. पण तो फार काळ टिकला नाही. पुन्हा विजापूरकरांकडे, पुन्हा महाराजांकडे असे त्यांचे जाणेयेणे चालू राहिले. यासाठी इतिहासकारांनी त्यांना बोल लावला आहे आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि नकाशा पुढे ठेवून पाहिले तर त्यांची अडचणही कळते. एका अंगाला विजापूर, दुसऱ्या अंगाला वाढते मराठी राज्य, तिसऱ्या अंगाला पोर्तुगीजांचे आरमार. अशा तिठ्यावर बसलेल्या लहान सत्तेला निष्ठेची चैन परवडत नाही. ती तगून राहते, एवढाच तिचा पराक्रम.

याच सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसरे खेम सावंत यांच्या कारकीर्दीत, चराठे गावच्या भूमीवर राजधानी वसली आणि तिला ‘सुंदरवाडी’ असे नाव पडले. पुढे सावंतांची वाडी म्हणून ती सावंतवाडी झाली. राजधानीला ‘दुर्ग’, ‘गड’ किंवा ‘नगर’ न म्हणता ‘वाडी’ म्हणावे, आणि विशेषण जोडावयाचे तर ‘सुंदर’ हे जोडावे, यात त्या घराण्याच्या वृत्तीचा काही भाग आपोआप उमटला आहे.

अठरावे शतक हे वाडीच्या सामर्थ्याचे आणि त्याचबरोबर तिच्या हानीचेही शतक होय. १७३९ साली मराठ्यांनी गोव्यावर स्वारी केली तेव्हा वाडीकरांनी बारदेश व्यापला होता. त्याची परतफेड लौकरच झाली. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला जिंकला, आणि त्या विजयाबद्दल त्याला पोर्तुगालच्या राजाकडून ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’ हा किताब मिळाला. आमच्या महालातील एका खेड्याचे नाव लिस्बनच्या सरदारांच्या नामावळीत जाऊन बसले ते असे. त्याच मोहिमेत तेरेखोलचा किल्लाही गेला. १७६५ साली इंग्रजांनी रेडीचा यशवंतगड घेतला आणि पैसा घेऊन तो परत केला. पुढे १७८१-८२ च्या सुमारास डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगीजांकडे गेले, आणि १७८८ साली पेडणे गेले.

पेडणे कसे गेले हे थोडे तपशिलाने सांगण्याजोगे आहे, कारण त्यात या राज्याचा सारा ताणा दिसतो. त्या वेळी गादीवर तिसरे खेम सावंत होते. ‘राजश्री’ या नावाने ते ओळखले जात. १७५५ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक, त्यांची कारकीर्द झाली. १७६३ साली जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि वाडीचा संबंध एकदम उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ मराठी घराण्याशी जुळला. शिंद्यांच्या वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहादूर’ हा किताब आणि मोर्चेलांचा मान मिळाला. हा मान कोल्हापूरकरांना सहन झाला नाही. त्यांनी वाडीवर स्वाऱ्या केल्या, किल्ले घेतले. या अडचणीत राजश्रींनी पोर्तुगीजांची मदत मागितली. आणि त्या मदतीचे मोल म्हणून पेडणे महाल त्यांच्या स्वाधीन झाला. दिल्लीच्या दरबारातून आलेल्या एका किताबाची किंमत तेरेखोलच्या काठच्या रयतेने अशा रीतीने भरली. १७८८ पासून १९६१ पर्यंत आमचा महाल पोर्तुगीज राज्यात राहिला, त्याचे मूळ हे.

परंतु शिंद्यांशी जुळलेल्या या नात्याची दुसरी बाजूही आहे. जिवबादादा बक्षी हे महादजी शिंद्यांचे विख्यात सेनापती आमच्या पेडणे महालातील केरी गावचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे आधिपत्य त्यांच्याकडे होते. त्यांच्यामागून या भागातील कितीतरी कुटुंबे कारकुनी आणि शिलेदारीसाठी ग्वाल्हेर-उज्जैनीकडे गेली. आज ग्वाल्हेर आणि इंदूर येथील मराठी मंडळींत जी गोमंतकी व कुडाळदेशकर घराणी आढळतात त्यांतील काहींचा माग काढला तर तो याच वाटेने मागे येतो.

त्याच काळी, त्याच वाटेने, पण अगदी वेगळ्या कारणासाठी, आणखी एक पुरुष उत्तरेकडे गेला. सोहिरोबानाथ आंबिये यांचे मूळ घराणे पेडण्यातील पालये गावचे. बांद्याचे कुळकर्ण त्यांच्याकडे होते. वाडीच्या दरबारातून बोलावणे आले म्हणून ते निघाले असता वाटेत इन्सुलीच्या रानात फणस फोडून खाण्यास बसले, तेथे एक योगी प्रकटला, त्याने खाणे मागितले आणि अनुग्रह दिला, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर सोहिरोबांनी कुळकर्णाचे दप्तर सोडले. ‘सिद्धांतसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘महदनुभवेश्वरी’ हे ग्रंथ आणि शेकडो पदे त्यांनी रचली आणि उत्तर वयात ते उज्जैनीकडे निघून गेले. आख्यायिकेतील योगी खरा की कसे, हा प्रश्न येथे गौण आहे. ध्यानात घेण्यासारखे हे, की दरबाराकडे जाणाऱ्या वाटेवरच दरबार सोडण्याचा निश्चय झाला, अशी कथा या प्रदेशाने आपल्या सर्वांत मोठ्या कवीविषयी सांगितली. सत्तेविषयी या लोकांना काय वाटत असे ते या कथेतून पुरेसे कळते.

एकोणिसाव्या शतकात उरलीसुरली सत्ताही गेली. १८१२ च्या तहाने वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले, म्हणजे बंदर गेले. १८१९ च्या तहाने संस्थानाने इंग्रजांचे स्वामित्व मान्य केले. १८३८ साली अंतर्गत बंडाळीचे कारण होऊन कारभारही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती गेला. १८४४ साली गडकऱ्यांच्या उठावाचा वणवा कोल्हापुराकडून येथवर आला. फोंड सावंत तांबूळकर आणि त्यांचे साथीदार मनोहर आणि मनसंतोष या गडांच्या आश्रयाने लढले. खुद्द युवराज अण्णासाहेबही त्यांस मिळाले. १८४५ च्या आरंभी औट्रमच्या फौजेने ते गड घेतले आणि युवराजांसह पुढारी सरहद्द ओलांडून गोव्यात गेले. ज्या पोर्तुगीजांशी दीडशे वर्षे वैर केले त्यांच्याच राज्यात वाडीच्या युवराजाला आसरा मिळाला. सरहद्द ही दोन राज्यांची असते. माणसे तिचा उपयोग आपल्या गरजेप्रमाणे करतात, हे यावरून दिसते.

येथे राजकीय इतिहास संपला म्हणण्यास हरकत नाही. यापुढे वाडीने कोणावर स्वारी केली नाही, कोणाशी तह केला नाही. आणि नेमक्या याच ठिकाणी नगराचा इतिहास वेग घेतो. १८५२ साली, म्हणजे बंडाचा धूर विरून सात वर्षे होतात न होतात तोच, वाडीत ग्रंथालय स्थापन झाले. तेच आजचे श्रीराम वाचन मंदिर. महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांच्या मालिकेत रत्नागिरी, नगर, नाशिक, पुणे, कोल्हापूर यांच्या पंक्तीला या लहान गावाचे नाव आहे. पुढे शाळा आल्या, बांधीव तलाव आला, सरळ आखलेले रस्ते आले. ज्या गावात पूर्वी फौजेची हाक जात होती तेथे आता दवंडी पिटली जाऊ लागली ती बाजाराची आणि परीक्षेची.

कारागिरांची गोष्ट याहून जुनी. वाडीतील चितारआळी हे नाव महाराष्ट्रात आणि गोव्यात सर्वांस परिचित आहे. चितारी मंडळी लाकडावर लाखकाम करणारी. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळे-भाज्या, पाट, पोळपाट, देवघरे, पाळण्यावरची चिमणाळी ही त्यांची कामे. आपल्याकडे कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे एकाच हाताचे वळण आहे हे ओळखू येईल. वाडीच्या लाकडी फळांत आणि खऱ्या फळांत दुरून भेद कळत नाही, ही स्तुती जुनीच आहे. ती अतिशयोक्तीची मानली, तरी मुलांच्या तीन पिढ्यांनी त्यावर विश्वास ठेवला आहे.

या आळीतील सर्वांत नाजूक काम गंजिफांचे. गंजिफा हा फारसी मुलखातून आलेला पत्त्यांचा खेळ. त्याचा मोगली जोड शहाण्णव पानांचा. आपल्याकडे त्याला दशावतारांचे रूप मिळाले: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. पान वाटोळे. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, खडूने घोटावयाचे, रंगवावयाचे, वर लाखेचा हात द्यावयाचा. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती राम त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाची. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. हुकूम नावाचा प्रकार नाही. म्हणजे दैवयोगाने एखाद्या फालतू पानाने राजा मारला असे घडत नाही. कोणते पान पडले, कोणते उरले, हे सारे डोक्यात ठेवावे लागते. स्मरणशक्ती आणि धीर या दोन गुणांवर हा खेळ उभा आहे. घाईच्या माणसाला तो जमावयाचा नाही. आणि छापील पत्त्यांच्या स्वस्त जोडापुढे तो मागे पडला याचे कारण केवळ किंमत नव्हे, हे शिक्षकांस सांगावयास नको.

विसाव्या शतकात या नगराला एक असा राजा लाभला की ज्याचे नाव तेथे अजून जिव्हाळ्याने घेतले जाते. पंचम खेमराज ऊर्फ बापूसाहेब महाराज १९२४ साली अधिकारारूढ झाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात ते काम करून आले होते. त्यांच्या राणी पार्वतीदेवी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नात. म्हणजे ग्वाल्हेरनंतर आता बडोद्याशी वाडीचे नाते जुळले. संस्थान जेमतेम ९२५ चौरस मैलांचे, उत्पन्न बेताचे. पण राजा लोकांत मिसळणारा आणि राहणीने साधा. १९२७ च्या उन्हाळ्यात प्रकृती बिघडल्यामुळे महात्मा गांधी विश्रांतीसाठी काही दिवस आंबोलीस येऊन राहिले होते. गांधीजींनी बापूसाहेबांच्या कारभाराला ‘रामराज्य’ म्हटले, ही आठवण वाडीत घरोघर सांगितली जाते. १९३७ साली ऐन चाळिशीत बापूसाहेब वारले. राजपुत्र शिवरामराजे अल्पवयी असल्यामुळे पार्वतीदेवींनी कारभार पाहिला. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा एक भाग झाले. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे ठाणे मात्र वाडीला मिळाले नाही.

विलीनीकरणाने पुष्कळ संस्थानी गावांची कळा गेली. दरबार गेला की दरबाराच्या आधाराने जगणारे गवई, चितारी, शास्त्री उघडे पडतात. वाडीसही हा धोका होताच. चितारआळीत गंजिफा करणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पण येथे एक वेगळी गोष्ट घडली. शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी (याही बडोद्याच्या राजकन्या) यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडे बसून ही कला स्वतः शिकून घेतली, आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्याच्या दरबार दालनातच लाखकामाचे कारखानदारी केंद्र उभे केले. जेथे मुजरे होत असत तेथे कारागीर मांडी घालून रंग कालवू लागले. शिवरामराजे १९९५ साली आणि सत्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. काम चालू राहिले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी राजाने कारागिराला इनाम द्यावे अशी रीत होती. येथे राजघराण्याने कारागिराचे शिष्यत्व पत्करले. वाडीच्या इतिहासातील सर्वांत मोठा विजय कोणता असे मला कोणी विचारले तर मी १७३९ च्या बारदेशच्या स्वारीचे नाव न घेता या शिष्यत्वाचे घेईन.

आता आमच्या बाजूची गोष्ट. १७८८ च्या कराराने तेरेखोलच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे राज्य झाले. कागद वेगळे झाले, नाणे वेगळे झाले, राजभाषा वेगळी झाली. पण सोयरिकी वेगळ्या झाल्या नाहीत. आमच्या शाळांच्या हजेरीपटावर परब, गावस, सावंत, नाईक ही जी आडनावे आहेत तीच पलीकडच्या शाळांच्या हजेरीपटावर आहेत. जत्रेच्या रात्री देवळाच्या मांडावर दशावतार उभा राहतो तो दोन्हीकडे सारखाच. एकच मंडळी आज पलीकडे आणि उद्या अलीकडे रंग लावतात, आणि संवाद तेथल्या तेथे रचीत जातात. घरात कोकणी वळणाची बोली आणि पोथीत, पत्रात, नाटकात मराठी, ही दुहेरी रीत दोन्ही काठांची. पोर्तुगीज अमलात ज्या घरांना आपली मुले मराठी शिकवावयाची होती त्यांना वाडी, बेळगाव ही गावे जवळची होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेले सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीच्या सीमेवर आले आणि तेथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या सीमेवर ते पडले ती १७८८ साली एका किताबाच्या भांडणातून आखली गेली होती, याची आठवण त्या दिवशी कोणाला झाली असेल असे नाही. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती राज्याराज्यांची सीमा मात्र उरली.

वाङ्मयाच्या दृष्टीनेही हा पट्टा एक आहे. वि. स. खांडेकर वाडीजवळच्या नानेली गावच्या खांडेकरांकडे दत्तक आले, आणि १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून राहिले. मराठी कादंबरीतील एक मोठे पर्व अशा रीतीने एका खेड्यातल्या शाळेच्या पगारावर उभे राहिले. वाडीच्या पंचम खेमराज महाविद्यालयात कवी वसंत सावंत यांनी मराठी शिकविले. ही नावे मोठ्या शहरांत पोचली. पण त्यांच्या लेखनातील झाडे, देवराया, पाऊस आणि माणसांचा तिरकस विनोद हे सारे याच भूमीचे आहे.

या विनोदाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय वाडीच्या स्वभावाचे वर्णन पुरे होणार नाही. वाडीचा माणूस मोठेपणाला लौकर भाळत नाही. ज्याने एका शतकात चार सत्तांचे झेंडे चढताना आणि उतरताना पाहिले त्याच्या वंशजाला झेंड्याचे नवल राहत नाही. तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि एखादे असे वाक्य टाकतो की बोलणाऱ्याचा फुगा आपोआप खाली बसावा. या स्वभावाला कोणी आळस म्हणतात, कोणी खवचटपणा. मला तो अनुभवातून आलेला शहाणपणा वाटतो. त्याची उणीव हीच की असा माणूस नवा उद्योग आरंभण्यास कचरतो आणि चांगल्या गोष्टीचाही आधी संशय घेतो.

२०११ च्या जनगणनेत वाडीची लोकसंख्या सुमारे २४,००० भरली. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पुरा झाला, पण स्थानक गावापासून दूर पडले. हमरस्ताही आता बाहेरून जातो. घाट आणि बंदर यांच्या वाटेवर वसलेले नगर वाटेच्या बाजूला राहिले. पूर्वी पेडण्याचा मुलगा विद्येसाठी वाडीस जात असे. आता वाडीचा तरुण नोकरीसाठी गोव्यात येतो, आणि तिकडचा रोगी बांबोळीच्या इस्पितळात येतो. २०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून हा ओघ वाढला आहे. ज्या पेडण्याला वाडीने एकदा गमावले त्याच्याच आधाराने तिला पुढील दिवस काढावयाचे आहेत, असे दिसते. यात कमीपणा कोणालाच नाही. दोन्ही काठांनी आपले जुने नाते ओळखून ते चालविले तर त्यात दोघांचाही लाभ आहे.

प्रश्न आहे तो निराळाच. वाडीत जे जपण्यासारखे आहे ते सारे दरवर्षी नव्याने जपावे लागणारे आहे. तलावातील गाळ दरवर्षी साचतो. तो काढला नाही तर काही वर्षांनी तलावाचे डबके होईल, आणि त्याला कोणा शत्रूची गरज लागणार नाही. गंजिफांचा जोड मानांकनाच्या कागदाने रंगत नाही. त्यासाठी चिताऱ्याच्या घरातील एका मुलाने वर्षानुवर्षे कुंचला धरावा लागतो आणि त्या मुलाचे पोट त्यावर भरावे लागते. शिवाय तो खेळ खेळणारे तिघे मिळाले नाहीत तर गंजिफा भिंतीवरची शोभा होऊन बसेल. ग्रंथालयाची इमारत पावणेदोनशे वर्षे टिकली तरी वाचक एका पिढीत नाहीसा होऊ शकतो. पूर्वी हे सांभाळण्याचा भार राजावर होता, निदान तसे मानले जाई. आता तो नगरपालिकेवर, शाळांवर आणि आपल्यासारख्या संस्थांवर आहे.

म्हणून एक सूचना करून हा निबंध पुरा करतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांनी आपल्या वरच्या वर्गांतील मुलांना वर्षातून एकदा एकमेकांच्या गावी न्यावे. पेडण्याच्या मुलांनी चितारआळी पाहावी, गंजिफांचा एक डाव शिकावा. वाडीच्या मुलांनी हळर्णचा किल्ला आणि सोहिरोबांचे पालये पाहावे. त्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एका दिवसाची सहल आणि आधी वर्गात दिलेला एक तास एवढे पुरे. आपल्या अकादमीच्या सभासदांत शिक्षकांची संख्या मोठी आहे. त्यांनी मनावर घेतले तर येत्या हिवाळ्यातच याचा आरंभ होऊ शकेल.